टूथपेस्टनं लख्ख झालेला हेडलाइट दीड महिन्यात परत पिवळा का पडला

कळ्याच्या एका ताईंनी विचारलंय. गाडी २०१३ ची, छोटी, पेट्रोलवरची. कोल्हापुरात दवाखान्यात ड्युटी करतात, आठवड्यातले तीन दिवस रात्री दहाला सुटून बालिंग्यावरून घरी जातात. दोन्ही हेडलाइट पिवळे आणि धुरकट झालेत. व्हिडिओ बघून त्यांनी टूथपेस्ट लावून घासलं, लख्ख झालं, आणि दीड महिन्यात पहिल्यापेक्षा जास्त पिवळं आलं. गॅरेजवाले म्हणतात जोडी बदला. ताईंचं विचारणं एवढंच आहे: पॉलिश पेपर कितीचा आणू, आणि हे घरी जमेल का?

ताई, जमेल. पण पेपर कितीचा हा नंतरचा प्रश्न. तुमच्या काचेवरून काय गेलंय आणि ते परत कसं द्यायचं, हे आधी समजून घ्या. घासून चमकवणं दोन-तीन तासांचं काम आहे. ती चमक दोन-तीन वर्षं टिकवायची तर शेवटची एक पायरी लागते आणि व्हिडिओत बहुतेक वेळा तीच गाळलेली असते. मी उद्यमनगरात बावीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. घासून परत पिवळ्या पडलेल्या काचा माझ्याकडं दर महिन्याला येतात, आणि प्रत्येकीची गोष्ट तुमच्यासारखीच असते.

आपण काच म्हणतो, पण ती काच नाही. ॲम्बॅसिडरला, फियाटला खरी काच होती. दगड लागला की तडकायची, पण पिवळी कधी पडली नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं. हेल्मेटची व्हायझर, पार्किंगवर घालतात ती पारदर्शक शीट, हे सगळं त्याच कुळातलं. हलकं, हवा तो आकार घेतं, दगड लागला तरी सहजी फुटत नाही. पण त्याच्या दोन खोडी आहेत. पृष्ठभाग मऊ, चटकन ओरखडे पडतात. आणि उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. जुन्या बंगल्याच्या पोर्चवरची शीट काही वर्षांत कोऱ्या चहासारखी झालेली तुम्ही बघितली असेल, तेच इथं होतं.

म्हणून कारखान्यातच या प्लास्टिकवर एक कडक पारदर्शक लेप देतात. केसापेक्षाही पातळ असतो, पण ऊन आणि ओरखडे दोन्ही तोच झेलतो. आठ-दहा वर्षं उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर हा लेप मरतो. आधी आभाळाकडं तोंड असलेली वरची कड धुरकट होते, मग पिवळी, मग लेपाचे बारीक पापुद्रे सुटायला लागतात. तुमच्या दोन्ही काचांत एक जास्त पिवळी असेल, तर गाडी रोज कुठल्या बाजूनं उन्हात उभी असते ते आठवून बघा.

आता टूथपेस्टचं. टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती बारीक पूड असते. तिनं वरचा मेलेला पिवळा थर थोडाफार निघाला आणि खालचं प्लास्टिक उघडं पडलं. उरलासुरला कंपनीचा लेपही त्यात पातळ झाला. आता ते प्लास्टिक थेट उन्हात आहे, म्हणून दुसऱ्या वेळी पिवळेपणा जास्त आणि लवकर आला. तुमच्या हातून काम चुकलं असं नाही, काम अर्ध्यावर थांबलं.

हीच चूक सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः केली आहे. शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाच्या काचा २००० च्या पेपरपर्यंत (आकडा मोठा तेवढा पेपर बारीक) घासल्या, बफिंग मशिननं कंपाउंड, म्हणजे चमक आणायची पॉलिशची पेस्ट, मारलं, नव्यासारख्या झाल्या. मे महिना होता. ते दिवाळीच्या आत परत आले आणि काही न बोलता बॉनेटसमोर उभे राहिले. काचा आंब्याच्या सालीसारख्या पिवळ्या. त्यांचे पैसे परत केले, काम फुकट करून दिलं, आणि त्या दिवसापासून लेप दिल्याशिवाय काच गॅरेजबाहेर सोडलेली नाही.

तुमच्या काचेला घासून उपयोग होणार का, हे आधी तपासा. यासाठी एक पेला पाणी पुरतं. काच धुऊन कोरडी करा, मग तिच्यावर पाणी ओता आणि ओली असतानाच बघा. ओली असताना आतला बल्ब, रिफ्लेक्टरच्या रेघा स्वच्छ दिसायला लागल्या आणि पाणी सुकताच परत धुरकट झालं, तर दोष वरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी बारीक खडबडीत भाग भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरतं आरपार दिसतं. घासून लेप दिल्यावर काच साधारण कशी दिसेल, याची ती चुणूकच समजा. ओली केली तरी धुरकटच राहिली, तर गडबड खोलवर आहे किंवा आतून आहे.

आतून असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. पावसाळ्यात काचेच्या आत दव धरतं का, बल्ब बदलताना मागचं रबरी टोपण नीट बसवलंय का, ते बघा. आपल्याकडं बल्ब बदलणारी मंडळी ते टोपण तसंच लोंबकळत सोडतात, मग आत वाफ आणि धूळ शिरते. आतला चंदेरी रिफ्लेक्टर काळवंडला किंवा सोलला असेल, किंवा काचेत खोल तडे असतील, तर मात्र गॅरेजवाल्याचं बरोबर आहे, जोडी बदला. जास्त वॅटचे बल्ब घातलेल्या गाड्यांत रिफ्लेक्टर जळालेला मला बऱ्याचदा दिसतो. हॅलोजनचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. तिथं १००/९० घातला की उजेड वाढतो असं वाटतं, पण उष्णतेनं आतला भाग करपतो.

खर्चाचा निर्णय घेताना एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जुन्या धुरकट काचा तपासल्या. नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के उजेड पडत होता. घासून नीट केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला, घरी केलेल्या कामातसुद्धा. म्हणजे घासलेली काच कोऱ्या काचेची बरोबरी करत नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. पण वीसवरून सत्तरवर येणं म्हणजे रात्रीच्या रस्त्यावर केवढा फरक आहे बघा. शिवाय धुरकट काच उजेड नुसता खात नाही, तो इकडंतिकडं फेकते. तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांवर मात्र झगमगाट जातो.

आता काम. रविवारी सकाळी लवकर सुरू करा, गाडी सावलीत, बॉनेट गार. गाडी धुताना काचेच्या कडेच्या फटी जुन्या ब्रशनं साफ करा, कारण तिथला एखादा वाळूचा कण पेपरखाली आला तर अख्ख्या काचेवर रेघ ओढतो. मग काचेभोवती मास्किंग टेपचे दोन थर लावा, बम्परच्या आणि बॉनेटच्या कडेला तीन लावले तरी चालतील. घरी काम करणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान काचेचं होत नाही, बाजूच्या रंगाचं होतं. पेपर एकदा बॉनेटच्या कडेवर घसरला की तिथला रंग जातो, आणि तो रंग मारायला हेडलाइटच्या कामापेक्षा जास्त पैसे पडतात.

पेपर वॉटर पेपरच घ्या, काळा, ओला करून वापरायचा. ८००, १०००, १५०० आणि २००० असे दोन-दोन. लक्ष्मीपुरीत किंवा कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतील. पापुद्रे सुटलेले असतील तरच ६०० नं सुरुवात करा. नुसता धुरकटपणा असेल तर ८०० सुद्धा नको, थेट १००० घ्या. बादलीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि पेपर दहा मिनिटं भिजत घाला. जुन्या स्लिपरच्या सपाट तुकड्यावर पेपर गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खड्डे पडतात.

पहिल्या पेपरच्या वेळी घाई करू नका. घासताना जे पाणी ओघळतं त्याकडं बघत राहा. सुरुवातीला ते पिवळट, चिकट येईल, फोडणीत हळद जास्त पडल्यासारखं. तो मेलेला लेप आहे. घासत राहिलात की हळूहळू पाणी पांढरं, ताकासारखं होतं. पांढरं झालं म्हणजे तुम्ही चांगल्या प्लास्टिकवर पोचलात. पण एका जागी पांढरं आणि कडेला अजून पिवळं असं असेल तर कडेला काम बाकी आहे. काच पुसून, वाळवून, तिरक्या उजेडात बघा. जुन्या लेपाचा एखादा तुकडा बेटासारखा राहिला असेल तर त्याची कड चकाकते, बाकीची काच मात्र मंद दिसते. ते बेट काढल्याशिवाय पुढच्या पेपरवर जाऊ नका. नवा लेप त्यावर बसला तर पहिल्यांदा तिथूनच सुटतो.

पुढचं सोपं आहे. पहिला पेपर आडवा घासला असेल तर दुसरा उभा, तिसरा परत आडवा. असं केलं की आधीच्या पेपरच्या रेघा वेगळ्या दिसतात आणि त्या गेल्या की तो पेपर संपला हे कळतं. हुपरीत चांदीला झळाळी देणारे कारागीर बघा, तेही आधीच्या घासणीची खूण पूर्ण गेल्याशिवाय पुढची घेत नाहीत. प्रत्येक पेपर बदलताना काच धुऊन घ्या आणि बादलीतलं पाणी बदला. एकूण एका काचेला तास-सव्वा तास धरा. २००० झाल्यावर काच दुधाळ, पण सगळीकडं एकसारखी दुधाळ दिसली पाहिजे. ती चकचकीत झाली नाही म्हणून घाबरू नका. पेलाभर पाणी परत ओतून बघा, आरपार दिसेल.

आणि इथंच लोक चुकतात. ती दुधाळ काच बघवत नाही म्हणून कंपाउंड मारून चकचकीत करतात. पुढं स्प्रेचा लेप द्यायचा असेल तर कंपाउंड मारू नका. गुळगुळीत पृष्ठभागावर लेप धरत नाही, त्याला त्या बारीक रेघांची पकड लागते, आणि रेघा लेप भरून काढतो. कंपाउंडमधलं तेल-मेण राहिलं तर लेप माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाटतो, तो त्रास वेगळाच.

लेप कुठला द्यायचा, हे तुमच्या हातावर आणि घरावर अवलंबून आहे. सगळ्यात टिकाऊ म्हणजे हार्डनर (लेप कडक करणारं रसायन) मिसळलेला टू-के क्लिअर, म्हणजे आम्ही गाडीच्या रंगावर मारतो तो पारदर्शक लेप. तो डब्यातही मिळतो, बुडाचं बटण दाबलं की आतला हार्डनर मिसळतो. घेताना डब्यावर हेडलाइटसाठी किंवा पॉलिकार्बोनेटसाठी असं लिहिलेलं बघा, नुसता क्लिअर लॅकरचा स्वस्त डबा नको. तो दिसायला तसाच दिसतो, पण काही महिन्यांत तडकतो. मात्र टू-के क्लिअरमधला हार्डनर फुप्फुसाला घातक आहे. रुमाल किंवा दवाखान्यातला साधा मास्क त्याला अडवत नाही, रंगकामाचा कार्ट्रिजचा मास्क लागतो. घरात कुणाला दमा असेल, लहान मूल असेल तर हे घरी करूच नका. तुम्ही दवाखान्यात काम करता, तुम्हाला हे जास्त सांगायला नको.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा: घासणं घरी करा आणि स्प्रे मारायला गाडी पेंटरकडं न्या. मेहनत घासण्यात आहे, ती तुम्ही केलेली असेल. पेंटर काच परत एकदा पुसेल, पहिला हात अगदी हलका, नुसता धुक्यासारखा मारेल, दहा मिनिटांनी दोन भरलेले हात. त्याला कामापुरता अर्धा-पाऊण तास लागतो आणि मजुरी नव्या जोडीच्या कितीतरी खाली राहते. पहिला हात हलका का, हेही त्याला विचारा. ओला जाड थर एकदम बसला तर त्यातला थिनर प्लास्टिकला खातो. उत्तर नीट देणारा पेंटर मिळाला की काम डोळे झाकून द्या.

पेंटर नको असेल तर दोन वाटा आहेत. हेडलाइटच्या किटमध्ये कापडानं पुसून लावायचा लेप येतो. तो वर्ष-दीड वर्ष बरा टिकतो, पण घासकाम ३००० पर्यंत न्यायचं की नाही हे त्या किटच्या कागदावर वाचून करा, प्रत्येकाचं वेगळं असतं. किंवा २०००, ३००० आणि मग कंपाउंड मारून काच चकचकीत करा आणि तिच्यावर पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग राखायला लावतात ती पारदर्शक फिल्म, चिकटवून घ्या. फिल्म बसवणारे आता शहरात बरेच आहेत. ती पिवळी पडली तर सोलून दुसरी लावता येते, काच शाबूत राहते. नुसतं मेण लावणार असाल तर दर दोन महिन्यांनी न चुकता लावावं लागतं, आणि ते कुणाकडून होत नाही हे मी बघितलंय.

काही गोष्टी काचेजवळ आणूच नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन. एकदा माझ्या हाताखालच्या पोरानं टेपचा चिकटा काढायला काच थिनरच्या बोळ्यानं पुसली. काही झालं नाही असं वाटलं. सकाळी बघितलं तर काचेत आतून बाहेरून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, उजेडात धरलं की चमकणारे. ती काच बदलूनच द्यावी लागली. डास पळवायच्या स्प्रेनं काच चमकते असाही एक व्हिडिओ फिरतो. त्यातलं औषध प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं म्हणून चमक येते, आणि तो थर नंतर चिकट होऊन धूळ धरतो. रस्त्याकडेला कपातून गरम वाफ मारून पाच मिनिटांत काच साफ करतात, त्याचंही तेच. प्लास्टिक विरघळवणारं द्रावण उकळवून त्याची वाफ देतात. वाफ मारणाऱ्याच्या छातीला ते वाईट आणि उन्हापासून राखण शून्य. लेप देण्यापूर्वी शेवटचं पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तुमच्याकडं ते सहज मिळेल.

हवामानाचं एक. जून ते सप्टेंबर आपल्याकडं लेपाचं काम नको, हवेतल्या ओलीनं क्लिअर पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा एवढा तापतो की लेप पसरायच्या आत वाळतो. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी सगळ्यात चांगल्या. अंगणात काम करणार असाल तर आधी सडा मारा, ओल्या जमिनीवरून धूळ उठत नाही. स्प्रे मारायची बंद खोली, म्हणजे बूथ, नव्हता तेव्हा आम्ही गॅरेजमध्ये हेच करायचो. लेप दिल्यावर दोन दिवस गाडी धुऊ नका आणि पहिला आठवडा काच कपड्यानं खसाखसा पुसू नका.

तुम्ही जो रस्ता सांगितलात, त्या रस्त्यावर गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन हात बाहेर आलेला. गेल्या हंगामात साळवणहून येताना माझ्यापुढं अशी एक ट्रॉली उभी होती, पंक्चर होऊन, निम्म्या रस्त्यात. काचा स्वच्छ होत्या म्हणून उसाचे वाढे वीस-पंचवीस पावलं आधी दिसले. त्या रात्री घरी जाऊन मी माझ्या भावाच्या गाडीच्या काचा बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गॅरेजला बोलावलं. म्हणून तुम्हालाही सांगतो, हे काम दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाका.

सुरू करण्यापूर्वी एवढं करून ठेवा. रात्री गाडी घराच्या भिंतीसमोर सपाट जागेवर आठ-दहा पावलांवर उभी करा, डिपर लावा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड जिथं येते तिथं दोन्ही बाजूंना टेपचे तुकडे चिकटवा. चाकं जिथं होती तिथं जमिनीवर खडूनं खूण करा. पेंटरनं कामासाठी हेडलाइट काढून परत बसवले, तर त्याच जागी गाडी लावून ती कड टेपवर येते का बघा. वर गेली असेल तर मागचा स्क्रू फिरवून ती टेपपर्यंत खाली आणून घ्या, मगच गाडी रस्त्यावर काढा.